चाळीस ग्रॅम

डिचोलीत मामलेदार कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
अर्जही लिहून देतो, पानाला वीस रुपये,
रडण्याचे वेगळे लावत नाही.

बुधवारचा बाजार उठता उठता
मयेची शेवंती मळीक आली.
सोलं, अळसांदे, सुक्या मिरच्या विकते ती.
काखेत वजनकाटा,
पडलेलं पोर उचलून आणावं तसा.

मुलानं फोनवरून मागवलेला. अकराशे एकोणपन्नास.
चार हजार लोकांनी चांदण्या दिलेल्या त्याला.
"सकाळी सरळ वागतो हो," म्हणाली,
"ऊन चढलं की फट मारतो."
तिनं पिशवीतून अर्ध्या किलोचं जुनं लोखंडी वजन काढलं,
माझ्या पायरीवरच्या उन्हात काटा मांडला, आम्ही थांबलो.
पाचशे. पाचशे बारा.
चहा येईपर्यंत पाचशे चाळीस.

फोन करून झाले होते.
पहिला म्हणाला, सात दिवसांत परत करायचा होता.
(पहिले सात दिवस ढगाळ होते.
काट्याला ऊन लागलंच नाही.)
दुसरी म्हणाली, विकणारा वेगळा,
आम्ही विकत नाही, आम्ही नुसता बाजार.
"बाजार ना? मग सोपो घेता की नाही?" हिनं विचारलं.
तिकडून पेटीचं संगीत लागलं ते अकरा मिनिटं.
तिसऱ्यानं लेखीच कळवलं:
आपण वस्तू धंद्यासाठी घेतली, सबब आपण ग्राहक नाही.

इथे मी चष्मा पुसला.
कायद्याचं पुस्तक माझ्याकडे जुनं आहे, वाळवीनं एक कोपरा नेलेला,
पण ते वाक्य शाबूत होतं:
स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी
जो वस्तू विकत घेतो, तोही ग्राहकच.
दोनदा वाचून दाखवलं.
"म्हणजे मी गिरायक?"
तीस वर्षं ती हा शब्द दुसऱ्यांना हाक मारायला वापरत आली होती.
पदर सारखा केला. खुर्चीत जरा मागे टेकली.

मी लिहायला घेतलं.
वस्तूत दोष. सेवेत कसूर.
पैसे परत, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च.
सुरतेला जायला नको, तू राहतेस तिथल्या जिल्ह्यात दाखल होते,
आणि एवढ्या रकमेला फी पडत नाही.

"आणि लिहा," ती म्हणाली,
"त्या काट्यावर खात्याचा शिक्का नव्हता.
मी बघितलं नाही. ती माझी चूक."
म्हटलं, बाई, हे लिहिलं तर त्यांच्या वकिलाला आयतं मिळेल.
"लिहा."
लिहिलं. बारीक अक्षरात, पण लिहिलं.

मग तिनं शाळेची वही उघडली.
दुपारी अकरानंतरची माणसं:
लामगावची मास्तरीण, सोलं अर्धा.
बसचा कंडक्टर, अळसांदे एक किलो.
लाल सायकल, नाव ठाऊक नाही, मिरच्या पाव.
अशी बेचाळीस.
"हे कुठल्या रकान्यात घालायचं?"

अर्जदार, विरुद्ध पक्षकार एक, विरुद्ध पक्षकार दोन.
मी छापील नमुना उलटून पालटून बघितला.
बेचाळीसांना त्यात जागा नव्हती.
"सोळाजणांचं देऊन झालं," ती म्हणाली.
"सायकलवाला परत दिसला नाही."

चार प्रती काढल्या, सही घेतली.
सहीतलं 'ती' प्रत्येक प्रतीवर थोडं वेगळं.
तिनं वीसच्या नोटा मोजून टेबलावर ठेवल्या, काटा पुन्हा काखेत घेतला
आणि दारातून वळली.

"हात करा पुढे."
मी केला.
"गणपतीच्या आधीच्या बुधवारी. अर्धा किलो. साडेबारा वाजले होते,
तुम्ही घाईत होता."
पिशवीत हात घालून तिनं
मूठभर सोलं माझ्या तळव्यावर ठेवली,
दोन काढून घेतली,
एक परत ठेवलं.