अंगठा

आंबेगावात, तिसऱ्या मजल्यावर,
डायनिंग टेबलाचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
त्यावर मी मशीन ठेवतो, वायर जोडतो,
लाल दिवा लागतो.
माझं काम एवढंच, घरी येऊन अंगठे घ्यायचे.

कुसुम वाघचौरे, वय अडुसष्ट, परवाना घेणार.
त्यांचा अंगठा उमटत नाही.
'पुन्हा ठेवा.' ठेवतात.
'जरा दाबून.' दाबतात.
ओल्या फडक्याला पुसून,
केसांतल्या तेलावर घासून,
डावा, उजवा, परत डावा.
पडद्यावर तेच : जुळत नाही.
'चाळीस वर्षं बाइंडिंग केलं, अप्पा बळवंत चौकामागं.
खळ, सुरी, पुठ्ठा.
रेघा तिकडंच गेल्या असतील,
कुणाकुणाच्या खतावण्यांत.'

परवाना देणार : मृण्मयी खैरे, वय एकतीस.
तिचा पहिल्याच झटक्यात येतो, कोरा करकरीत.
हप्त्याचा मेसेज वाजतो, ती मोबाइल पालथा घालते.
कर्ज फिटेल तेव्हा मी छप्पन्न, हसत सांगते.
ऑफिस इथून दोन तास,
म्हणून ती स्वतः खराडीत भाड्यानं.
स्वतःच्या घरात आज चौथ्यांदा आलीय,
पंख्याचं बटण शोधतेय.

मी कलमं वाचतो. वाचावी लागतात.
भिंतीला खिळा मारू नये.
पंखे तीन, ट्यूब दोन, गीझर एक, चालू स्थितीत.
'कायमचा पत्ता?'
'आधीच्या घराचा टाका,' बाई म्हणतात,
'दर वेळी तोच टाकते.'

मग बोटांवर काहीतरी मोजतात.
'चव्वेचाळीस वर्षं भाड्यानं.
अकरा महिन्यांचा एक, असे करार झाले अठ्ठेचाळीस.
तुमच्या कागदांनी मोजलं
तर मी चार वर्षं जास्तीची जगलेय.'
मी कॅल्क्युलेटर काढतो.
बरोबर येतं.

'साठीनंतर घर दाखवत नाहीत हो.
एजंट विचारतो, मुलं कुठं असतात?
म्हणजे, मी गेले तर सामान कोण उचलणार.
या पोरीनं नाही विचारलं.'
मृण्मयी फरशीकडे बघते.
तिला ते सुचलंच नव्हतं.

'म्हणतात ना, पुढं सगळेच असे राहतील,
जन्मभर भाड्यानं. राहू देत की.
मला कुठं भिंती बरोबर न्यायच्यात?
फक्त कुणीतरी सरकारात सांगा,
अकराच्या पुढचे आकडे शिका म्हणावं.'
आम्ही तिघंही हसतो,
मग मशीनकडं बघतो.

शेवटी डाव्या करंगळीवर ते राजी होतं.
हिनं जन्मात काही काम केलं नाही, बाई म्हणतात.
आणि हिरवा दिवा बघून
आधीच्या कुणीतरी चोरून मारलेल्या खिळ्याला
पिशवीतलं कॅलेंडर लावून टाकतात.
मृण्मयीला दिसतं. ती चप्पल शोधू लागते.

जिन्यात मला गाठते.
'काका, खराडीत कुणी तीन वर्षांचा करार देतं का?
दर वर्षी वाढवतात. दर वर्षी बॉक्स भरायचे.'
बघतो, म्हणतो. सगळ्यांना तसंच म्हणतो.

माझाही सतरा तारखेला संपतोय, धनकवडीतला.
मालकाला फोन करायचाय.
त्याआधी स्कूटरवर बसून
मशीनची काच शर्टाला पुसतो.
करंगळी लगेच जाते.
तेलाचा एक डाग राहतो,
घासला तरी राहतो.