रीडिंग

बदलीचा कागद घेऊन आजऱ्यात उतरले,
स्टँडवर एकानं विचारलं, "कुठलं म्हणायचं?"
मी म्हणाले, वाशिम.
"ते कुठनं खाली?"
तेव्हा ठाऊक नव्हतं,
इथं प्रत्येक गाव कशाच्या तरी खाली असतं
नाहीतर वर.

हातात मशीन, यादीत दोन हजार एकशे सहा मीटर.
घर नंबर चारशे बारा कुठं, म्हटलं
तर पानपट्टीवाला हसला.
"नंबर आमास्नी काय म्हाईत? कुणाचं ते सांगा."
केरबा सुताराचं.
"मग असं म्हना की! गिरणीपासनं वळा,
चिंच हुती तिथनं डावीकडं."

चिंच होती.
नऊ वर्षांपूर्वी रस्त्यात गेली.
पहिला महिना मी ती नसलेली चिंच शोधली,
दुसऱ्या महिन्यात
तिथं पाय आपोआप वळू लागले.

कडी वाजवली की आतून, "आलो, आलो."
पुरुषमाणूस समजून ओढणी सारखी करावी
तर दारात हौसाबाई, वय सत्तरच्या पुढं.
इथल्या बायका येतो म्हणतात, जेवतो म्हणतात,
आजारी पडलो म्हणतात,
आणि मीटरवर तळहात ठेवून,
"जरा कमी लिव की गं. एकच तर बलब लावतो मी."
आकडा माझ्या हातात नसतो, मावशी.
"मग तुझ्या हातात असतंय तरी काय?"

काजूच्या कारखान्यातल्या बायकांची बोटं
तेलानं काळी पडलेली, साल निघालेली.
बिल घेताना त्या कागद मनगटांत धरतात,
डाग पडू नये म्हणून.
कागदाला.

गुरवांच्या घराला कुलूप. गोव्याला गेलेत.
शून्य युनिट. पुढच्या महिन्यात शून्य.
पण तुळस हिरवीगार.
मग एका सकाळी दिसली इसाबेल फर्नांडिस,
नाइटीवर टॉवेल, हातात तांब्या.
"बघतेस काय? वाळली तर आल्यावर
माझ्याच नावानं बोंबलतील."

मीटर न विचारता सांगतो.
आयुब दरवाजकर, शंभराच्या आत राहणारे,
ऐन थंडीत दोनशे चाळीसवर गेले.
आत ऑक्सिजनच्या मशीनची घरघर होती,
अब्बांना दवाखान्यातून घरी आणलं होतं.
पुढच्या महिन्यात
ऐंशी.
मी आकडा टिपला, मशीन पिशवीत टाकलं,
ओट्याखाली चप्पल काढली
आणि नुसती बसले.
आयुबभाईंनी चहा मागवला.
दोघंही काही बोललो नाही.

मग ती रात्र. खालच्या अंगाला, उसाकडं
हत्तीनं खांब पाडला म्हणे.
सगळा गाव काळाठिक्कर,
आणि पहिल्यांदा मला कुणाचंच काही कळेना.
भाड्याच्या खोलीत उशाला मशीन घेऊन बसले.
दार वाजलं. घरमालकांचा धाकटा,
हातात ताट, ताटावर ताट.
"आईनं इच्यारलंय, मीटरवाल्या बाई जेवल्या काय?"
घनसाळचा भात, वर आमटी.
त्या वासाला अंधारातही वाट ठाऊक होती.
मशीनच्या पडद्याच्या उजेडात जेवले,
मिनिटाभरानं तो विझायचा,
बटण दाबून पुन्हा लावायचा.
हे कुणाच्या खात्यावर लिहायचं
त्याची यादीत रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी खांब उभा राहिला.
संध्याकाळी आईचा फोन.
कसं आहे गाव? करमते का?
मी सांगत गेले, हौसाबाई, तुळस, चिंच,
ती म्हणाली, चिंच कुठली?
म्हटलं, आहे गं एक, गिरणीजवळ.
मग दूध उतू जायला आलं.
"बरं, ठेवतो आता. उद्या करतो फोन."

पलीकडं वाशिममध्ये
आई थोडा वेळ गप्प.
मग हळूच,
"कोन बोलून राह्यलं बाई?"