वाघीण

वडील भुसावळच्या यार्डात वाघिणी मोजायचे.
नंबर टेकर. कानावर पेन्सिल, खिशात खडू,
हातात बत्ती, आणि पाठीशी रात्रभर आदळणारं लोखंड.
सकाळी चहा बशीत ओतता ओतता आईला सांगायचे,
"सतरा आजारी निघाल्या. खंडव्याकडून आलेली एक
नुसती तापलेली. तिला बाजूला काढलं."

मी चौथीत. पांघरुणात जागी.
मालडब्याला वाघीण म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
सतरा वाघिणी, सातपुड्यातून उतरलेल्या,
रुळांवर जीभ काढून पडलेल्या,
आणि माझे वडील, एवढेसे, चष्म्याचे,
त्यांच्या पाठीवर खडूने आकडे लिहीत फिरतायत.

शेवटी सुपडूकाका कोळ्यांनी नेलं एकदा सिक लाइनीवर.
विटकरी रंग, गंजलेली कडी, पोटात गव्हाचा भुसा.
मी दूरच उभी.
ते हातोडीने चाक ठोकून बघत म्हणाले,
"भरेल वाघीन काई करत नई पोरी.
रिकामीच गुरगुरते."

खरंच. सावद्याहून केळी भरून निघालेली
दिल्लीपर्यंत हूं की चूं करत नसे.

बरीच वर्षं गेली. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात,
फाटक्या बिलियर्ड टेबलाच्या पलीकडे,
वाळवीने पहिली शंभर पानं खाल्लेला एक इंग्रजी कोश.
माझं अक्षर शेवटाकडे होतं, म्हणून वाचलं.

तिथे ती सापडली.
डच तिला वाघन म्हणतात, घ अर्धा घशातच ठेवून.
जर्मन वागन. स्वीडिश वाग्न.
फ्रेंच नाकातून सोडतात, वागों. रशियन वागोन.
स्पॅनिश माणूस ब आणि व यांच्या मधोमध कुठेतरी.
साऱ्या युरोपात एकच जनावर,
गळ्यातल्या घंटा तेवढ्या वेगळ्या.

इंग्रजांचीही होती म्हणे घरची एक, वेन नावाची,
गवत ओढणारी. वापरून वापरून तिच्यातला ग झिजला.
मग लढाईवर गेलेल्या शिपायांनी डचांची उचलून आणली,
रूळ आल्यावर तीच शेजाऱ्यापाजाऱ्यांना उसनी दिली,
आणि तीच आमच्याकडे, तापीच्या काठी.

नोंदीच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात, एक धातू: वेघ्.
त्याच्यापुढे तारा. म्हणजे हा उच्चार
कुणी ऐकलेला नाही, नुसता अंदाज.
आणि त्याच्या शेजारी संस्कृत: वह्.

मी बोट ठेवून थांबले.
वाहन. वाहतूक. विवाह, म्हणजे मुलगी गाडीत घालून नेणं.
हमाल पोतं वाहतो तो, तापी वाहते तो,
कानबाईला फूल वाहतो तोही.
वाहवा तेवढी ह्या घरातली नाही,
ती फारसीतून आलेली पाहुणी.

जुन्या धातूतला तो घ
आपण पिढ्यानपिढ्या तोंडात घोळवून ह करून टाकला.
नुसता श्वास उरला.
आणि मग कधीतरी, अशाच एखाद्या यार्डात बहुधा,
एका खलाशाला वॅगन म्हणता येईना.
त्याने ओळखीचा शब्द पुढे केला, हसण्यावारी,
आणि घ परत आला.
चुकून. अंगावर पट्टे घेऊन.

धावत घरी गेले वडिलांना सांगायला.
आता कमी ऐकू येतं त्यांना.
"वह्," मी ओरडले, "बाबा, वह्!"
"वही?" म्हणाले. "कपाटात आहे. खालच्या फळीवर."

काढली. शेवटच्या पाळीचं पान.
बेचाळीस डबे, सगळे आकडे सरळ रेषेत,
अकराव्यापुढे लिहिलेलं, आजारी.
त्याच्यापुढे वेगळ्या शाईत, जरा तिरकं:
बरी झाली. सोडली.