चौथं कुत्रं

तांबट आळीच्या माथ्यावर माझी खोली.
खाली पातेल्यांवर हातोड्या पडत असतात,
त्या थांबल्या की माझाही कुंचला थांबतो,
सवयच झालीय.

धोंगडेबाई बाणेरहून आल्या
चादरीत गुंडाळलेला दत्त घेऊन.
आजेसासऱ्यांनी आणलेली तसबीर,
काचेखाली ओल शिरलेली, कडेनं कसर.
"अशीच्या अशी हवी. हातानं काढलेली.
छापील नको, छापील आमच्या लिफ्टमध्ये पण आहे."

अशीच्या अशी.
पांचाळ मास्तरांनी वीस वर्षं हेच शिकवलं:
चौकोन आखायचे,
चौकोनातलं चौकोनात उतरवायचं,
आपलं म्हणून काही घालायचं नाही.
दर मात्र ते देवाच्या हातांवर लावायचे.
मारुतीचे दोन, गणपतीचे चार,
अठरा हातांची देवी आली
की त्या महिन्यात घरात हापूस यायचा.
विठोबावर थोडे नाराज असत,
दोनच हात, तेही कमरेवर.

मी सहा हात केले.
माळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख, चक्र.
तिन्ही तोंडांचे डोळे एकाच बैठकीत,
नाहीतर तिघांतला एक रुसलेला दिसतो.
गाय सोपी. गाय नेहमीच सोपी जाते.
कुत्री तीन झाली.
चौथ्याच्या जागी नुसती बुरशी,
बाहेर शेपटीचं टोक आणि पंजाची तीन नखं.

फोन केला. चौथं कसं होतं हो?
"कसं म्हणजे? कुत्र्यासारखं."
सासऱ्यांना विचाराल का?
बाई जरा थांबल्या.
"त्यांना आता आम्हीच आठवत नाही."

मग बोहरी आळीतून चार छापील दत्त आणले.
एकात ते पांढरं, कोल्ह्यासारखं,
एकात जीभ बाहेर काढलेलं, विलायती,
एकात तर तीनच कुत्री होती, छापणाऱ्यालाही जागा पुरली नसेल.
चार कुत्री म्हणजे चार वेद म्हणतात.
त्यातला कुठला बुरशीनं खाल्ला
हे सांगणारं आळीत कोणी नव्हतं.

गुरुवार आला. दत्ताचा वार,
आणि पेठेतल्या नळांच्या सुट्टीचा.
बुधवारच्या बादलीतलं तांब्याभर पाणी घेऊन खाली गेले.
जिन्याशी ठोक्या पडलेला,
तांबटांचं कुत्रं, डावा कान फाटका,
भट्टीच्या राखेत झोपून झोपून पोट राखाडी.
चेपलेल्या एका परातीत पाणी ओतलं.
पिता पिता त्यानं मान वळवून वर पाहिलं,
हनुवटीवरून पाणी गळत होतं,
ओतणारं कोण, एवढंच बघायला.

तशीच वर आले.
चौकोन आखलेच नाहीत.
कान आधी शाबूत काढला,
रात्री दिवा लावून पुसला, फाटका केला.
मास्तर असते तर काही बोलले नसते,
तंबाखू थुंकायला म्हणून उठून गेले असते
आणि बराच वेळ आले नसते.

धोंगडेबाईंनी चित्र लांबून बघितलं, जवळून बघितलं.
"पीतांबर फार पिवळा. आणि अंग किती गुलाबी!"
मी जुन्या तसबिरीची चौकट खोलून दाखवली,
लाकडाच्या खाचेत दडलेली बोटभर पट्टी,
कधी ऊन न लागलेली,
तिथे असाच गुलाबी, अगदी लाजरा.
"असेल हो. पण आम्ही हात जोडले ते त्या मळकटाला."
तेव्हा रोगणात चिमूटभर तपकिरी कालवून
सगळ्यावर एक हात फिरवला.
तीन पिढ्यांच्या उदबत्त्या एका दुपारी.
त्याचे पैसे लावले नाहीत.
धुराला हात कुठे असतात?

कुत्र्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

दोन पोरांनी चित्र फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये बांधून
जिन्याच्या वळणावर तिरकं करून उतरवलं.
खाली ठोक्यानं कोपरा हुंगला,
नाकात टर्पेंटाइन गेलं, शिंकला,
फाटका कान झटकला,
जागेवर तीनदा गोल फिरून पडला.
जेवणाची सुट्टी संपली होती.
हातोड्या सुरू झाल्या.