पाचाची फोड

पारावर म्हातारे चिंचोक्यांचा डाव मांडतात,
घासून अर्धे केलेले, एक बाजू पांढरी, एक काळपट.
त्यांच्याकडून पाच मागून आणले.
धोंडबाराव म्हणाले, "बाई, लेकरांना जुगार शिकवायलीस का?"
"व्हय," म्हणलं, "पाचाचा."

हळदीचे दिवस. वसमतच्या रस्त्यानं जागोजाग कढया पेटल्यात,
उकडल्या हळदीचा वास पार शाळेच्या फळ्यापर्यंत,
आणि अंगणवाडीत सतरातली अकराच लेकरं,
नखांपर्यंत पिवळी.

एक ते पन्नास सगळ्यांना येतं.
येतं म्हणजे धावतं, विहिरीवरच्या मोटारीसारखं,
एकदा बटण दाबलं की पाणी कुठं चाललं कोण बघतंय.
मी बटण बंद केलं.
पंधरा दिवस झाले, आम्ही पाचातच आहोत.

राजनंदिनी ओंजळ हलवते, टाकते.
दोन पांढरे. तीन काळे.
"मिळून किती?"
ती मोजते, एकेकाला बोटानं दाबून.
"पाच."
पुन्हा टाकते. चार पांढरे, एक काळा.
"आता?"
पुन्हा मोजते, पार पहिल्यापासून,
जणू हवेत उडताना एखादा वाढला असेल
नाहीतर फरशीनं गिळला असेल.
मी काही म्हणत नाही.
आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट
जिभेवर धरून गप बसायचं,
एवढंच काय ते प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

आदेशचे एकदा सगळेच पांढरे पडले.
"काळे किती?"
खूप वेळ बघत राहिला.
मग एक हळूच उचलून खालून बघितला, तसाच ठेवला.
"काळे खाली निजलेत."
खरंच निजले होते.
त्याला शून्य कोणत्या तोंडानं सांगू?

मधेच पर्यवेक्षिका मॅडम आल्या, फोटो काढला.
"शंभरपर्यंत न्या आता, माहिती भरायचीय."
"नेते," म्हणलं.
त्यांची स्कूटी वळली तशी पुन्हा टाकले पाच.

मिसबा बोलत नाही. जूनपासून.
घरी दखनी, इथं मराठी,
ती मधल्या उंबऱ्यावर बसून असते.
पाळी आली की टाकते. मी विचारते,
मीच सांगते, पुढच्याकडं जाते.

काल तिनं टाकले आणि एक घरंगळला
तांदळाच्या पोत्यामागं.
दोघंतिघं पालथी पडली, खराटा घालून बघितला,
एक वाळकी पाल निघाली, चिंचोका काही नाही.
फरशीवर एक पांढरा, तीन काळे.
"किती?" मी आपलं सवयीनं.
सगळी ओरडली, "चाऽऽर!"
मिसबानं मान हलवली. नाही.
पिवळा पंजा उघडला,
अंगठा आत दुमडला,
पोत्याकडं बघितलं,
"चार इथं," म्हणाली, "आन् एक उधर. पाच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
आदेशला तर अजून पालच बघायची होती.

दुपारी खिचडी वाटून झाली, भांडी घासली,
रजिस्टर उघडलं.
वजन, उंची, हजेरी, सगळ्याला रकाने.
हजर अकरा, लिहिलं.
पेन तसंच धरून बसले जरा वेळ,
मग रेघेखाली, जागा नव्हती तिथं,
बारीक अक्षरात:
आणि सहा हळदीवर. सतरा.