भिंतीतली ब्लेडं

टेमिका, लिलावात घर लागलं तुला, चांगलं झालं.
आता ते टाइल्सचे नमुने गाडीतच राहू देत
आणि माझ्यामागून तळघरात उतर.
दिवा नको लगेच.
आधी नाक वापरायचं.
घर खोटं बोलतं ते वरच्या मजल्यावर,
ताज्या रंगात, चकचकीत दारमुठीत.
खाली त्याला तेवढी उसंत नसते.

वास आला? ओल्या पुठ्ठ्याचा?
म्हणजे एप्रिलमध्ये बर्फ वितळलं
की पाणी ह्या कोपऱ्यातून आत येतं.
विकणाऱ्याने नेमकं इथंच कपाट उभं केलं होतं.
कपाट उगाच उभं दिसलं की सरकवून बघायचं,
मागून कोणी कितीही घाई केली तरी.

ही गोटी घे. नातवाची आहे, परत दे.
स्वयंपाकघरात जमिनीवर सोड.
बघ कशी निघाली,
जसं तिला फ्रिजखालून कोणी हाक मारलीय.
तुळई खचलीय. तिला आधार आधी,
ग्रॅनाइट मागाहून.
माझ्या पहिल्या घरात मी उलटं केलं.
ओटा असा देखणा, की मी त्याच्याशी बोलायचे.
नाताळच्या आदल्या रात्री मधोमध तडकला,
बार उडाल्यासारखा आवाज,
आणि गिऱ्हाईक दारात उभं, हातात वाइनची बाटली.

खर्चाचा कागद दाखव.
सुबक आहे. म्हणूनच चुकलाय.
वर आणखी एक तृतीयांश धर
आणि धरलास हे कोणाला सांगू नकोस,
शिल्लक दिसली की कामाला पाय फुटतात.
लॉयड प्लंबर सज्जन आहे,
तरी काम होईल तसतसे पैसे दे.
सज्जनाकडेही बोट असते,
आणि मे महिन्यात सरोवरात मासे लागतात.

परवाना काढ. हो, रांग आहे. उभी राहा.

नोव्हेंबरनंतर हे घर एकटं सोडायचं नाही.
एरीवरून वारा सुटला की नळ आतल्या आत फुटतात
आणि तुला कळतं मार्चमध्ये, छतातून.
तांब्याचे पाइप चोरणारे त्याआधी येतात.
समोरच्या मिसेस प्रुइटना आजच भेट.
केक नेऊ नकोस, त्यांना शुगर आहे.
फोन नंबर दे, आणि थोडा वेळ बस.
कॅमेरा रात्रभर जागा असतो खरा,
पण तो खिडकी उघडून शिव्या घालत नाही.

आता वर चल. न्हाणीघर.
ही भिंत पाडायची म्हणालीस ना? जाड हातमोजे घाल.
आरशाच्या कपाटात, मागच्या बाजूला,
ही बारीक फट दिसते?
दाढीचं बोथट ब्लेड ह्यात सरकवायचं,
ते भिंतीच्या पोटात पडायचं. संपलं.
ते परत कधी काढायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं.

मार हातोडा. सरक बाजूला.

एवढी असतात. फावडं लागतं.
गंजून एकमेकांना चिकटलेली.
एकेक ब्लेड म्हणजे तीन-चार पहाटा,
पोलाद कारखान्याची पहिली पाळी,
गालाला फेस, खाली बायको कॉफी ओततेय.
तीस वर्षं असतील, चाळीसही असतील.
मग कधीतरी घरपट्टी थकली त्याची,
किंवा तिची, किंवा मुलं फिनिक्सला गेली.
म्हणून तर तुला इतक्या स्वस्तात मिळालं.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला विचारू नकोस.
बावीस घरं केली मी, वांडा शिमकोवियाक,
गुडघे गेले, गिलावा अजून सरळ येतो,
आणि तो रकाना मला सापडलेला नाही.
नफा झाला. तुलाही होईल.
फक्त घर विकताना "जुनाट होतं" एवढंच म्हणू नकोस.

ही सगळी पत्र्याच्या डब्यात भर.
वर मोठ्या अक्षरांत लिही, आत धार आहे.
कचरा उचलणाऱ्यालाही हात असतात.

आणि गोटी?
फ्रिजखाली बघ. वाक जरा.