ओ

एनिड प्रॉसर, वय ब्याण्णव, खोली क्रमांक सहा.
मनगटावर राखाडी पट्टा, आत तांदळाएवढी काच.
ती दाराशी गेली की दार विचारतं,
पट्टा ओ देतो,
माझ्या टेबलावर दिवा लागतो.

याला बॅटरी लागत नाही, मी पहिल्या दिवशी सांगितलं.
ठाऊक आहे, ती म्हणाली.
विचारणाऱ्याच्याच हाकेतला चिमूटभर जोर घेऊन बोलतो तो.
उसना आवाज.
आमचे डबे मात्र जडशीळ होते गं,
दोघांनी उचलून विमानात चढवायचे.

एकोणीस वर्षांची ती, सफोकच्या किनाऱ्यावर,
अंधाऱ्या खोपटात हिरव्या रेघेसमोर.
समुद्रावरून काहीतरी येतंय, एवढंच रेघ सांगे.
कोण, ते नाही.
मग आपल्या विमानांत ते डबे बसले.
लाटेनं हाक मारली की डबा ओ देई
आणि रेघेवरचा उंचवटा
श्वास घेतल्यासारखा फुगे, ओसरे.
आपलं. पुढचं.

बाकीचं मी ऐकलं तुकड्यातुकड्यांनी, गोळ्या देताना.
युद्ध सरलं आणि डबा आटत गेला,
बाळ उलटं वाढावं तसा.
न्यू मेक्सिकोच्या कुरणात
ताप आहे का, हे गाईंच्या कातडीलाच विचारू लागले.
नॉर्वेहून मुलानं लिहिलं,
टोलनाक्यावर आता काच खाली करावी लागत नाही.
मग वाचनालयाची पुस्तकं. दुकानातले कोट.
शेवटी तिच्या बोक्याच्या मानेत एक सुई,
आणि बोका, म्हणे, आठवडाभर रुसलेला.

एक गोष्ट तिनं एकदाच सांगितली, भिंतीकडे तोंड करून.
फेब्रुवारी. एक उंचवटा फुगेचना.
दोनदा पाहिलं. नियमाप्रमाणे कळवलं: ओ नाही.
मग तोफा.
सकाळी ओहोटीच्या चिखलात पंख निघाला.
रंग आपलाच.
डबा भिजला होता की कळ दाबायची राहिली,
तिला कुणी सांगितलं नाही.
तिनंही विचारलं नाही.

काल पहाटे तीनला पट्टा उशीवर पडलेला,
साबणानं बुळबुळीत.
टेबलावर दिवा लागलाच नव्हता.
टॉर्च घेऊन धावले.
बाकावर ती, झग्यात, अनवाणी,
वारा केसांत शिरलेला.
मी नाव घेतलं. वळली नाही.
पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं.

ऐकू आलं गं, ती म्हणाली.
थांब थोडी.
ओ न देता किती वेळ राहता येतं,
बघत होते.